एकसष्टांतील एक : बालकांच्या मेंदूतील गाठीच्या उपचारांचा इतिहास

'मेंदूत गाठ आहे' हे तीन शब्द डॉक्टरांच्या तोंडून ऐकले की आईबापांच्या पायांखालची जमीन सरकते. त्यांच्या लेखी तो निदानाचा उच्चार नसतो, निकालाचा असतो. धर्मगुरू या नात्याने आजाऱ्यांच्या भेटीस जाताना असे आईबाप आम्हांस भेटतात आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: 'फादर, यातून कोणी वाचते का?' पुष्कळदा हा प्रश्न विचारण्यापूर्वीच त्यांनी त्याचे उत्तर मनाशी 'नाही' असे ठरविलेले असते. मग कोणी उपचार अर्ध्यावर सोडतो, तर कोणी ते सुरूच करीत नाही.

आम्ही वैद्य नाही आणि वैद्यकीय सल्ला देण्याचा आमचा अधिकारही नाही. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर भीती देते, त्याचे उत्तर इतिहासाला विचारून पाहावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत. सुमारे शंभर वर्षांच्या या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की 'मेंदूतील गाठ' हा एक रोग नसून अनेक रोगांना मिळालेले एकच नाव आहे, आणि त्यांपैकी काही आज मोठ्या प्रमाणात बरे होतात. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मूल वाचविण्याची किंमत पुष्कळदा त्या मुलालाच मोजावी लागली. ती किंमत कशी कमी करावी, हाच गेल्या पन्नास वर्षांतील संशोधनाचा मुख्य प्रश्न राहिला आहे.

शस्त्राचा आरंभ

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कवटी उघडून मेंदूला हात लावणे म्हणजे रुग्णाला मरणाच्या दारी नेणे, असेच मानले जाई. जोसेफ लिस्टर यांनी जखमेत जंतू शिरू नयेत म्हणून जंतुनाशक पद्धती घालून दिली आणि मग शल्यविशारदांना थोडा धीर आला. लिस्टर यांचेच एक विद्यार्थी विल्यम मॅक्युएन यांनी १८७९ साली ग्लासगो येथे एका चौदा वर्षांच्या मुलीची कवटी उघडली. तिच्या डाव्या डोळ्यावर सूज होती आणि शरीराच्या उजव्या बाजूला झटके येत होते. क्ष-किरणांचा शोध तेव्हा लागलेला नव्हता. केवळ झटक्यांच्या बाजूवरून मॅक्युएन यांनी गाठीची जागा ताडली, मेंदूच्या आवरणातील ती गाठ काढली, आणि मुलगी बरी झाली. पुढे सुमारे आठ वर्षे ती जगली आणि मूत्रपिंडाच्या निराळ्याच विकाराने वारली. आधुनिक पद्धतीने मेंदूतील गाठ काढून घेण्याच्या या पहिल्या यशस्वी प्रयत्नांपैकी एकाची रुग्ण एक शाळकरी वयाची मुलगी होती, हे आम्हांस लक्षणीय वाटते.

त्यानंतर पाच वर्षांनी, १८८४ च्या नोव्हेंबरात, लिस्टर यांचे भाचे रिकमन गॉडली यांनी लंडन येथे एका तरुण शेतकऱ्याच्या मेंदूच्या आतील गाठ काढली. गाठ नेमक्या अपेक्षित जागी सापडली. पण जखमेत जंतुसंसर्ग झाला आणि अठ्ठावीस दिवसांनी रुग्ण दगावला. गाठ शोधता येते व काढताही येते, एवढे सिद्ध झाले. रुग्ण जगवायचा कसा, हा प्रश्न पुढच्या पिढीवर आला.

कुशिंग यांची वही

तो प्रश्न अमेरिकेतील हार्वे कुशिंग यांनी अंगावर घेतला. बॉस्टन येथे त्यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेला स्वतंत्र शास्त्राचे रूप दिले. रक्तवाहिन्या बंद करण्यासाठी त्यांनी १९११ साली चांदीचे बारीक चिमटे वापरात आणले आणि १९२६ साली विजेच्या साह्याने रक्तस्राव थांबविण्याचे तंत्र स्वीकारले. पण आमच्या मते त्यांचे सर्वांत मोठे कार्य त्यांच्या नोंदवह्यांत आहे. रुग्ण घरी गेला म्हणजे काम संपले, असे त्यांनी कधी मानले नाही. दरवर्षी शस्त्रक्रियेच्या तारखेस आपली खुशाली कळवावी, असे ते रुग्णांना सांगत. त्यांच्या सहकारी डॉ. लुईझ आयझेनहार्ट या सर्व नोंदी निष्ठेने सांभाळीत. कोण किती जगला, कसा जगला, याचा हिशोब ठेवल्यामुळेच पुढच्यांना आपण कोठे उभे आहोत ते कळले.

१९२५ साली कुशिंग आणि त्यांचे सहकारी पर्सिव्हल बेली यांनी लहान मुलांच्या मेंदूच्या मागील भागात होणाऱ्या एका घातक गाठीला नाव दिले: मेड्युलोब्लास्टोमा. ही गाठ लहान मेंदूत होते. लहान मेंदू शरीराचा तोल सांभाळतो. म्हणून अशा मुलाचे पाऊल अडखळते आणि ते दारू प्यायल्यासारखे डुलत चालते. गाठ वाढली की मेंदूत तयार होणाऱ्या पाण्याची वाट बंद होते, डोक्यातील दाब वाढतो, आणि सकाळी उठताच डोकेदुखी व उलट्या सुरू होतात.

१९३० साली कुशिंग यांनी या गाठीच्या एकसष्ट रुग्णांचा हिशोब प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षांनी त्यांतील एकच रुग्ण जिवंत होता. जगातील सर्वश्रेष्ठ हातांनी शस्त्रक्रिया होऊनही एकसष्टांत एक! कुशिंग यांनी हा आकडा लपविला नाही. या रोगापुढे केवळ शस्त्र अपुरे आहे, ही गोष्ट त्या प्रामाणिक नोंदीमुळेच पुढच्यांना उमगली.

पण लगेच दुसऱ्या वर्षी, १९३१ साली, त्यांनी लहान मेंदूतच होणाऱ्या दुसऱ्या एका गाठीचा, ॲस्ट्रोसायटोमाचा, हिशोब मांडला. जागा तीच, लक्षणे बहुतांशी तीच, रुग्णही बहुधा मुलेच. पण ही गाठ पूर्ण निघाली की मूल पुष्कळदा कायमचे बरे होई. या जातीच्या लहान मेंदूतील गाठी पूर्णपणे काढता आल्या तर आज दहांपैकी नऊहून अधिक मुले दीर्घकाळ जगतात, आणि बहुतेकांना किरणोपचार किंवा औषधे द्यावीच लागत नाहीत. ज्यांची गाठ पूर्ण काढता येत नाही अशा काही मुलांसाठी गाठीतील विशिष्ट जनुकीय दोषावर नेमके काम करणाऱ्या गोळ्यांना २०२३ आणि २०२४ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. म्हणून 'मेंदूत गाठ आहे' एवढे कळल्यावर 'संपले' असे म्हणण्यापूर्वी 'कोणती गाठ?' हे विचारणे अगत्याचे आहे. कुशिंग यांच्या वह्यांनी हा भेद नव्वद वर्षांपूर्वीच दाखवून दिला होता.

पाण्याची वाट

गाठीपेक्षाही पुष्कळदा तिने अडविलेले पाणी मुलाचा जीव घेई. बाल्टिमोर येथील वॉल्टर डँडी यांनी १९१८ साली मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरणांचे चित्र घेण्याची युक्ती काढली आणि अडथळा कोठे आहे हे प्रथमच दिसू लागले. हा तपास वेदनादायक व धोक्याचाही होता. पण पन्नासएक वर्षे डॉक्टरांना तोच आधार होता.

साचलेले पाणी वाहून नेण्यासाठी नळी बसविण्याचे प्रयत्न अनेकांनी केले. पण नळ्या तुंबत किंवा रक्त उलटे वर चढे. या अडचणीतून वाट काढली ती एका यंत्रकारागिराने. फिलाडेल्फियाजवळ राहणाऱ्या जॉन होल्टर यांचा मुलगा केसी १९५५ साली पाठीच्या कण्यातील जन्मजात दोष घेऊन आला आणि त्याच्या डोक्यात पाणी साचू लागले. आपल्या मुलाच्या डोक्यातून रोज सुईने पाणी काढतात, हे त्या बापाला पाहवेना. शल्यविशारद यूजीन स्पिट्झ यांच्याशी चर्चा करून होल्टर यांनी सिलिकोनची एकदिशा झडप तयार केली. १९५६ साली ती वापरात आली. केसी पाचव्या वर्षी वारला. पण त्याच्या बापाने केलेली झडप जगभरच्या असंख्य मुलांच्या डोक्यात बसविली गेली, आणि त्यांत मेंदूत गाठ असलेली मुलेही होती. एरवी शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचलीच नसती, अशी मुले त्यामुळे पोहोचू लागली.

मँचेस्टरचे धाडस

शस्त्र अपुरे का पडते, याचे उत्तर हळूहळू स्पष्ट झाले होते. मेड्युलोब्लास्टोमाच्या पेशी मेंदूभोवतालच्या पाण्यातून वाहत जातात आणि पाठीच्या मज्जारज्जूवर कोठेही रुजतात. शेतातील एक रोप उपटावे, पण बी सगळ्या बांधावर सांडलेले असावे, तशी ही गत. क्ष-किरणांनी या पेशी मरतात हे कुशिंग यांच्या काळीच दिसले होते. पण किरण केवळ गाठीच्या जागी देऊन भागत नव्हते.

इंग्लंडमधील मँचेस्टर येथील ख्रिस्टी रुग्णालयात डॉ. एडिथ पॅटरसन काम करीत. १९३८ साली त्यांनी तेथे कामास आरंभ केला तो विनावेतन. त्यांनी व त्यांचे सहकारी फार यांनी निर्णय घेतला की संपूर्ण मेंदू आणि संपूर्ण मज्जारज्जू, डोक्यापासून माकडहाडापर्यंत, किरणांखाली आणावयाचा. लहान मुलाला तासचे तास स्थिर ठेवून, कोठेही फट राहणार नाही व कोठेही दुहेरी मात्रा पडणार नाही, अशा बेताने किरण देणे त्या काळच्या साधनांनी किती कठीण असेल, याची आपण कल्पनाच करावी. १९५३ साली त्यांनी सत्तावीस रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. तीन वर्षांनंतर जवळजवळ दोन तृतीयांश रुग्ण जिवंत होते.

एकसष्टांत एक येथून तिघांत दोघे! तेवीस वर्षांत घडलेला हा बदल वैद्यकशास्त्राच्या इतिहासातील मोठ्या घटनांपैकी एक आहे. मधल्या काळात शस्त्रक्रियाही सुधारली होती, हे खरे. तरी संपूर्ण मज्जारज्जूला किरण देण्याची पद्धत पुढे जगभर याच पायावर उभी राहिली.

वाचलेल्या मुलांची साक्ष

ही मुले वाचली, मोठी झाली, शाळेत गेली; आणि मग एक नवे दुःख समोर आले. ती वर्गात मागे पडू लागली. वाचलेले लक्षात राहीना, काम संथ झाले, गणित जमेना. पाठीच्या कण्याला किरण लागल्यामुळे धड आखूड राहिले. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीला इजा झाल्यामुळे उंची खुंटली, कोणाला थायरॉइडच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागल्या. वय जितके लहान, तितकी हानी अधिक. तीन वर्षांखालील बालकांची तर सर्वाधिक. १९७० आणि १९८० च्या दशकांत अशा मुलांची पद्धतशीर तपासणी झाली, तेव्हा मुलाला रोगापासून वाचविणारे किरणच त्याच्या बुद्धीची वाढ खुंटवितात, हे मान्य करणे भाग पडले.

शस्त्रक्रियेचीही एक किंमत होती. लहान मेंदूतील गाठ काढल्यानंतर दोनएक दिवसांनी काही मुलांची वाचाच जाते. मूल जागे असते, पण बोलत नाही. १९८० च्या दशकात या अवस्थेची स्पष्ट वर्णने प्रसिद्ध झाली. मेड्युलोब्लास्टोमाच्या शस्त्रक्रियेनंतर चौघांत सुमारे एका मुलाला ती होते, असे पुढे मोठ्या पाहणीत आढळले. वाचा आठवड्यांनी वा महिन्यांनी बहुधा परत येते, परंतु बोलण्यातला आणि चालण्यातला थोडा दोष पुष्कळांच्या वाट्याला कायमचा येतो. आईबापांना हे अगोदर सांगितलेले असेल तर त्या भयाण मौनात ते खचून जात नाहीत.

आता डॉक्टरांपुढे निराळाच पेच उभा राहिला. किरण दिले तर बुद्धी जाते. न दिले तर जीव जातो. काय करावे?

औषधांची साथ

उत्तराची दिशा रक्ताच्या कर्करोगाने दाखविली. बॉस्टन येथील सिडनी फार्बर यांनी १९४८ साली औषधाने मुलांचा रक्ताचा कर्करोग काही काळ मागे हटतो, असे दाखविले. १९६२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील मेंफिस शहरात सेंट ज्यूड बालरुग्णालय उघडले, त्याची हकिकत आमच्या वाचकांना आवडेल. डॅनी थॉमस हे लेबनॉनहून आलेल्या मॅरोनाइट कॅथलिक कुटुंबातील विनोदी नट. उमेदवारीच्या हलाखीच्या दिवसांत त्यांनी निराश जनांचा कैवारी संत ज्यूड याच्याकडे मार्ग मागितला आणि मार्ग सापडल्यास त्याच्या नावे मंदिर उभारीन, असा नवस केला. नाव व पैसा मिळाल्यावर हा नवस कसा फेडावा, याबाबत त्यांनी शिकागोचे कार्डिनल सॅम्युएल स्ट्रिच यांच्याशी विचारविनिमय केला, आणि त्या 'मंदिरा'चे रुग्णालय झाले. वर्णभेदाच्या त्या काळात दक्षिण अमेरिकी संस्थानांतील या रुग्णालयाने काळ्या-गोऱ्या मुलांना आरंभापासून एकत्र घेतले, आणि उपचाराचे बिल कोणत्याही कुटुंबाला दिले नाही. अनेक औषधे व किरण यांची सांगड घालून तेथील डोनाल्ड पिंकेल यांनी १९७० च्या सुमारास रक्ताचा कर्करोग झालेली निम्मी मुले बरी होऊ शकतात, हे दाखविले.

मेंदूच्या बाबतीत मात्र अडचण होती. रक्तातील बहुतेक औषधांना मेंदू आपल्या हद्दीत शिरू देत नाही. लोमस्टिन हे औषध स्निग्धात विरघळते म्हणून शिरू शकते. त्याला व्हिन्क्रिस्टिन व सिस्प्लॅटिन यांची जोड देण्यात आली. फिलाडेल्फिया येथील रॉजर पॅकर यांनी १९८० च्या दशकापासून या तिन्हींचा उपयोग किरणोपचारानंतर केला. औषधांची साथ असेल तर किरण कमी करता येतील का, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. पूर्वी मज्जारज्जूला ३६ ग्रे इतकी मात्रा दिली जाई (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप). ती २३.४ पर्यंत उतरविण्यात आली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, रोग पसरलेला नसलेल्या ३७९ मुलांपैकी ८६ टक्के मुले पाच वर्षांनंतर जिवंत होती. किरण एक तृतीयांशाहून अधिक कमी झाले आणि तरीही वाचणारी मुले वाढली. याच काळात, १९९३ साली, पॅट्रिशिया डफनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षांखालील बाळांना प्रथम औषधे देऊन किरणोपचार पुढे ढकलण्याचा मार्ग प्रसिद्ध केला, म्हणजे त्या कोवळ्या मेंदूला वाढायला थोडा अवधी मिळावा. अर्थात औषधेही निरुपद्रवी नव्हेत. सिस्प्लॅटिनने काही मुलांना कमी ऐकू येऊ लागते.

या सर्वांस नव्या चित्रणाची जोड मिळाली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळ विंबल्डन येथील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्यांदा जिवंत रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. मग १९८० च्या दशकात एमआरआय आला. डँडींची हवा भरण्याची वेदनादायक रीत इतिहासजमा झाली.

कमी करण्याची मर्यादा

कमी करीत जाणे हा सन्मार्ग असला, तरी त्यालाही मर्यादा असते, हे या इतिहासाने अलीकडेच शिकविले. तीन ते सात वर्षांच्या मुलांना २३.४ ऐवजी १८ ग्रे देऊन पाहणाऱ्या अमेरिकी अभ्यासाचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षे रोग न उलटलेल्या मुलांचे प्रमाण पूर्वीच्या मात्रेत सुमारे ८३ टक्के, तर कमी मात्रेत सुमारे ७१ टक्के भरले. म्हणजे दयेपोटी एक पाऊल अधिक मागे घेतले आणि काही मुलांमध्ये रोग परत आला. त्याच अभ्यासात एक समाधानाची गोष्टही निघाली: किरणांचा अंतिम जादा डोस मेंदूच्या संपूर्ण मागील भागाला न देता केवळ गाठीच्या जागेला दिला, तरी निष्पत्ती बिघडत नाही.

मग सर्वांनाच एक मात्रा का द्यावी? २०१२ साली तज्ज्ञांनी एकमताने मेड्युलोब्लास्टोमाचे जनुकांवरून चार गट पाडले. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या या गाठी मुळात निरनिराळ्या असतात. त्यांतील 'विंट' नावाच्या गटातील दहांपैकी नऊहून अधिक मुले वाचतात. 'तिसऱ्या' गटातील मुलांचे भवितव्य मात्र सर्वांत कठीण.

येथे आपल्या मुंबईचा संबंध येतो. टाटा स्मारक केंद्राच्या तज्ज्ञांनी विंट गटातील मोजक्या मुलांना मज्जारज्जूचे किरण पूर्णपणे वगळून, केवळ गाठीच्या जागी किरण व त्यानंतर औषधे देऊन पाहिली. मज्जारज्जूत रोग उलटलेला दिसताच तो अभ्यास मध्येच थांबविण्यात आला. एडिथ पॅटरसन यांचा सिद्धांत सर्वांत सौम्य गटातही खरा ठरला. पुढच्या प्रयोगात मज्जारज्जूला किरण देण्याचे, पण कमी मात्रेत देण्याचे, ठरले. अपेक्षेविरुद्ध आलेला निष्कर्ष दडवून न ठेवता जगापुढे मांडणे, ही कुशिंग यांचीच परंपरा होय.

जेथे वाट सापडलेली नाही

सत्य सांगावयाचे तर सगळेच सांगावे लागते. मेंदूच्या बुंध्यातील 'पॉन्स' या सेतूसारख्या भागात पसरणारी गाठ आजही जवळजवळ असाध्य आहे. श्वास, गिळणे, डोळ्यांची हालचाल यांचे तंतू तेथूनच जातात आणि गाठ त्या तंतूंमध्ये विणल्यासारखी वाढते. त्यामुळे ती कापून काढता येत नाही. १९६१ साली वैमानिक नील आर्मस्ट्राँग यांच्या कॅरेन या चिमुरडीला हीच गाठ झाली. क्ष-किरणांनी ती काही आठवडे सावरली, पुन्हा चालूही लागली. परंतु गाठ उलटली आणि १९६२ च्या जानेवारीत, तिसरे वर्ष पुरे होण्याआधीच, ती वारली. साडेसात वर्षांनी तिचा पिता चंद्रावर उतरला. आजही या गाठीत किरणांनी काही महिने आराम पडतो, आणि निदानानंतर बहुतेक मुले साधारण वर्षभरच जगतात. माणूस चंद्रावर जाऊन आला, पण मेंदूतील या अंगठ्याएवढ्या जागेत त्याला अद्याप नीट पाऊल ठेवता आलेले नाही.

तरी अंधारात थोडी फट पडली आहे. २०१२ साली या गाठींच्या मुळाशी असलेला एक विशिष्ट जनुकीय बदल सापडला, आणि २०२५ साली तो बदल असलेल्या व उपचारांनंतर पुन्हा वाढलेल्या गाठींसाठी एका औषधाला अमेरिकेत सशर्त मान्यता मिळाली. काही रुग्णांत त्याने गाठ आक्रसते. त्याला रोगमुक्ती म्हणता येत नाही.

जेथे रोगमुक्ती नाही तेथे सेवा संपते काय? या प्रश्नाचे उत्तरही एका मुलीमुळेच मिळाले. इंग्लंडमधील हेलन नावाच्या बालिकेची मेंदूतील गाठ १९७८ साली काढण्यात आली. ती वाचली, पण पूर्णतया परावलंबी झाली. तिच्या आईबापांना अधूनमधून विसावा मिळावा म्हणून अँग्लिकन संघातील एक भगिनी तिला सांभाळू लागल्या. त्या मैत्रीतून १९८२ साली ऑक्सफर्ड येथे 'हेलन हाउस' हे जगातील पहिले बालशुश्रूषागृह उभे राहिले. आपल्या देशात १९८६ साली वांद्रे येथे डॉ. लुईस डिसोझा यांनी 'शांती आवेदना सदन' स्थापिले. असाध्य कर्करुग्णांसाठीचे ते भारतातील पहिले शुश्रूषागृह. बरे करता येत नसेल तेव्हा वेदना शमविणे हा पराभव नसून उपचाराचाच एक भाग आहे, हे अशा संस्थांनी शिकविले.

आपल्याकडे काय अडते?

आपल्या देशात या शास्त्राचा पाया डॉ. जेकब चंडी यांनी १९४९ साली वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात घातला. मुंबईचे टाटा रुग्णालय १९४१ पासून कर्करुग्णांची सेवा करीत आहे. निरोगी भागाला कमी इजा करणारे प्रोटॉन किरण २०१९ पासून चेन्नईत आणि २०२३ पासून टाटा केंद्राच्या खारघर येथील संस्थेत मिळू लागले आहेत. ज्ञान आहे, साधनेही आहेत. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, तर अनेक गरीब व मध्यम देशांत ३० टक्क्यांहूनही कमी.

हे अंतर दोन ठिकाणी पडते. पहिले, निदानास उशीर. डोकेदुखीला चष्म्याचा नंबर, उलट्यांना पित्त, अडखळण्याला अशक्तपणा असे म्हणत आठवडे जातात. ब्रिटनमध्ये २०११ साली लक्षणांची माहिती घरोघरी व डॉक्टरांपर्यंत पोहोचविणारी मोहीम सुरू झाली, तेव्हा लक्षण दिसल्यापासून निदानापर्यंतचा सरासरी काळ सुमारे १४ आठवड्यांवरून ७ आठवड्यांच्या आत आला. त्यासाठी नवे यंत्र लागले नाही; माहिती पुरली. आपणही ती लक्षात ठेवू या: सकाळी उठताच वारंवार डोकेदुखी व उलटी, चालताना तोल जाणे, डोळा अचानक तिरळा होणे किंवा दोन-दोन दिसणे, मान सतत एका बाजूला धरणे, चांगले अक्षर बिघडणे, बाळाचे डोके भराभर मोठे होणे. डोकेदुखी असलेल्या बहुसंख्य मुलांना गाठ नसते, म्हणून घाबरू नये. पण अशी लक्षणे दोन आठवडे टिकली किंवा एकत्र दिसली, तर बालरोगतज्ज्ञांकडे जाण्यास विलंबही करू नये.

दुसरे अंतर पडते ते अर्ध्यावर सोडलेल्या उपचारांमुळे. शस्त्रक्रिया झाली, मूल हसू लागले, की घरच्यांना वाटते झाले एकदाचे. पण मेड्युलोब्लास्टोमात शस्त्रक्रिया ही केवळ सुरुवात आहे. त्यानंतर सहा आठवडे किरण आणि वर्षभर औषधे. मुंबईत इतके दिवस राहायचे कोठे, खायचे काय, बापाच्या रोजगाराचे काय, घरी राहिलेल्या भावंडांचे काय? याच कारणासाठी २००६ साली मुंबईत 'सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स' ही संस्था सुरू झाली. बाहेरगावच्या कर्करुग्ण मुलांना व त्यांच्या आईबापांना ती विनामूल्य निवारा देते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. रुग्णालयातील समाजसेवा विभागात गेले की ही दारे उघडतात. पुष्कळांना ती आहेत हेच ठाऊक नसते.

आणि येथे आमच्या धर्मग्रामांनाही काम आहे. उपचाराच्या त्या वर्षभरात एखाद्या कुटुंबाच्या घरची चूल पेटती ठेवणे, भावंडांना शाळेत पोहोचविणे, आईला एक रात्र झोप मिळावी म्हणून रुग्णशय्येजवळ बसणे यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही. मूल बरे होऊन परत आले की त्याची गरज संपत नाही. ते वर्गात संथ असेल, त्याला एका कानाने कमी ऐकू येत असेल, ते वयाच्या मानाने लहान दिसेल. असे मूल 'ढ' किंवा आळशी नसते. परीक्षेत त्याला अधिक वेळ मिळावा, पहिल्या बाकावर जागा मिळावी, यासाठी त्याच्या बाजूने शाळेत जाऊन बोलणारे कोणी हवे. आमच्या शाळांतील शिक्षकबंधूंना व भगिनींना आमची हीच विनंती आहे.

'फादर, यातून कोणी वाचते का?' या प्रश्नाला १९३० साली प्रामाणिक उत्तर होते: एकसष्टांत एक. आज प्रामाणिक उत्तर असे आहे: कोणती गाठ आहे, ते प्रथम विचारा; ती किती पसरली आहे, ते विचारा; उपचार किती महिन्यांचे आहेत आणि पुढे मुलाच्या वाढीवर, बुद्धीवर, ऐकण्यावर काय परिणाम होईल, तेही विचारा. काही गाठींत जवळजवळ सगळी मुले वाचतात, काहींत बहुसंख्य, आणि एखाद्या गाठीत अजून जवळजवळ कोणीच नाही. उत्तर कोणतेही मिळो, ते ऐकण्यासाठी आईबापांनी एकटे जाऊ नये. आपल्यापैकी कोणीतरी त्यांच्याबरोबर जावे.